खणलेला रस्ता, बसलेली दुकानं आणि कौन्सिलपुढची तीन मिनिटं

जमाखर्च (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी टेक्सासमधल्या एका मोठ्या शहरात राहते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती माझी गिऱ्हाइकं आहेत आणि त्यांच्यातल्या काहींना आपलं नाव कुठेच लागलेलं नको आहे. मी हिशेबनीस. सीपीए (परवानाधारक लेखापाल) वगैरे नाही, दुसऱ्यांच्या वह्या लिहिणारी. एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोचा व्हिसा) ७ वर्षं घरी काढली, ग्रीन कार्ड आल्यावर कम्युनिटी कॉलेजात बुककीपिंग शिकले आणि पहिलं काम मिळालं ते घराजवळच्या पानादेरियात, म्हणजे बेकरीत. मालकीणबाई पासष्टीच्या. मला ‘मिहा’ म्हणतात, आपण ‘बाळा’ म्हणतो तसं. त्यांनी दिराला सांगितलं, दिराने शेजारच्या टायरवाल्याला, असं करत आज माझ्याकडे २३ जणांची कामं आहेत. त्यातले १७ स्पॅनिश बोलणारे आणि त्यातले बहुतेक एकाच रस्त्यावरचे: दोन ताकेरिया (ताको विकणारी खानावळ), एक कार्निसेरिया (मटणाचं दुकान, पण तिथे फोन कार्डापासून मेणबत्तीपर्यंत सगळं मिळतं), टायरवाला, मुलींच्या १५ व्या वाढदिवसाचे झगे शिवणारं दुकान, आणि अशीच आणखी.

हा रस्ता १९ महिन्यांपूर्वी खणायला घेतला. पावसाचं पाणी वाहून नेणारे मोठे पाइप टाकायचे आहेत. काम गरजेचं आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला मान्य आहे. जोराचा पाऊस आला की कार्निसेरियात घोट्याएवढं पाणी व्हायचं. पण सांगितले होते ९ महिने. अजून नारिंगी पिंपं उभी आहेत, बेकरीच्या पार्किंगमध्ये गाडी वळवायचा उतार उखडलेला आहे, आणि गिऱ्हाईक दोनदा चक्कर मारून तिसऱ्यांदा सुपरमार्केटचा रस्ता धरतं. झग्यांच्या दुकानाने दोन शिंपिणी कमी केल्या. एक ताकेरिया जानेवारीत बंदच झाली.

गेल्या महिन्यात बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून, ११ जणांची बैठक झाली. सिटी कौन्सिलपुढे, म्हणजे शहराच्या नगरसेवकांच्या सभेपुढे, जायचं ठरलं. तिथे बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात. आणि बोलायचं कुणी? तर मी! का, तर मला इंग्रजी येतं आणि आकडे माझ्याकडे आहेत.

आता माझी खरी अडचण. आकडे माझ्याकडे आहेत म्हणूनच मला माहीत आहे की ते आकडे कौन्सिलपुढे उभे राहणार नाहीत.

हे मी एकदा पाहिलंय. २०२० मध्ये कोविडची पीपीपी कर्जं (छोटे धंदे तगवायला सरकारने काढलेली) आली, तेव्हा एकट्याने धंदा करणाऱ्याचं कर्ज ठरायचं ते शेड्यूल सी वरच्या, म्हणजे आयकराच्या अर्जातल्या धंद्याच्या पानावरच्या, निव्वळ नफ्यावर. नफा भागिले १२, गुणिले अडीच. आमच्या टायरवाल्याची वर्षाची विक्री ९०,००० डॉलर, पण खर्च वजा जाता कागदावर नफा १४,०००. त्याला मिळाले २,९१६ डॉलर. दुकानाचं दोन महिन्यांचं भाडंसुद्धा त्यात निघालं नाही. मग २०२१ च्या मार्चमध्ये नियम बदलला, निव्वळ नफ्याऐवजी एकूण विक्री धरायची मुभा आली. त्या हिशेबाने त्याला १८,७५० मिळाले असते. पण ज्याचं कर्ज आधीच देऊन झालं होतं त्याला मागे जाऊन वाढवून मिळणार नव्हतं. तो नियम मी स्पॅनिशमधून त्याला तीनदा समजावला. चौथ्यांदा तो म्हणाला, “म्हणजे मी लवकर आलो ही माझी चूक.” मला उत्तर देता आलं नाही.

कर वाचवायचा म्हणून नफा कमी दाखवायचा, रोखीचं थोडं वहीबाहेर ठेवायचं, हे वर्षानुवर्षं चालतं. (मी आल्यापासून रोख वहीत येते. पण मी सगळ्यांकडे सुरुवातीपासून नव्हते.) आणि नुकसान दाखवायची वेळ आली की तीच वही म्हणते, तुमचं मुळात काही होतंच कुठे?

तर प्रश्न असे. मी भारतीय, नागरिकसुद्धा नाही. यांच्या वतीने मी बोलावं का? मागायचं नेमकं काय? बैठकीत कुणी भरपाई म्हणालं, कुणी करमाफी, कुणी “ठेकेदाराला हाकला”. आणि हे काम हिस्पॅनिक चेंबरवर, म्हणजे स्पॅनिश भाषक व्यापाऱ्यांच्या संघटनेवर, सोपवावं का? त्यांची वर्गणी भरायला आमच्यातले निम्मे तयार नाहीत.

---

एलएकर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कौन्सिलच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही, व्हिसाही कुणी विचारत नाही. पण तुम्ही बोलू नका. बेकरीवाल्या बाईंना बोलू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा.

मी लॉस एंजेलिसला फेरीवाल्यांच्या बाजूने काम करणाऱ्या एका छोट्या गटात शनिवारचा स्वयंसेवक होतो. फळं कापून विकणारे, एलोते म्हणजे मक्याची कणसं विकणारे. पदपथावर विक्री करणं हा तेव्हा शहरात फौजदारी गुन्हा होता. २०१७ च्या सुरुवातीला शहराने तो फौजदारीतून काढला, त्यामागे एक मोठं कारण हे की असा किरकोळ गुन्हाही कागद नसलेल्या माणसाला देशाबाहेर काढायला निमित्त ठरू शकतो. मग २०१८ मध्ये राज्याचा कायदा आला, सिनेट बिल ९४६. १ जानेवारी २०१९ पासून लागू. शहराला फेरीवाल्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, नियम घालायचे तर आरोग्य, सुरक्षितता असं खरं कारण हवं. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

आणि मग कळलं की अर्धीच लढाई झाली होती. पदपथावर उभं राहणं कायदेशीर झालं, पण आरोग्य खात्याचा नियम रेस्टॉरंट आणि फूड ट्रक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. त्यात बसणारी गाडी एवढी अवजड आणि महाग की ढकलणार कोण आणि घेणार कोण? तो नियम सैल करायला २०२२ चं दुसरं बिल लागलं, ९७२. मधली चार वर्षं माणसं परवाना नसलेलीच राहिली.

सांगायचा मुद्दा: आपल्याला चावतो आहे तो नियम नेमका कुणाचा, हे आधी शोधा. तुमच्याकडे रस्ता शहराचा आहे की राज्याच्या परिवहन खात्याचा? पाइप कुणाचे? ठेकेदाराशी करार कुणाचा? उतार तात्पुरता भरून देणं त्या करारात आहे का? करार मागवता येतो, टेक्सासमध्ये सार्वजनिक माहितीचा कायदा आहे. कौन्सिलपुढे जाऊन राज्याच्या रस्त्याबद्दल रडणारे मी पाहिलेत. सगळे मान डोलावतात आणि पुढचं नाव पुकारतात.

---

आडमुठा

एक शंका. रस्ता खणला की सगळ्यांचाच धंदा बसतो. त्यात हिस्पॅनिक कुठून आलं? त्याच रस्त्यावर एखादं पटेलांचं मोटेल असेल तर त्याला वेगळं दुःख होतं का? अमेरिकेत प्रत्येक गोष्टीला जात लावायची सवय लागलीये लोकांना. आणि आपण मराठी माणसांनी यात पडावं कशाला, उगाच पाण्यात राहून माशाशी वैर.

---

जमाखर्च

@आडमुठा, पटेलांचं मोटेल नाही, एक व्हिएतनामी नेल सलून आहे. त्या बाई बैठकीला होत्या, पोत्यावर माझ्या शेजारीच बसल्या होत्या. फरक एवढाच की कामाची पत्रकं इंग्रजीत आली, सभांची बोलावणी इंग्रजीत आली, आणि १७ पैकी १२ जणांनी ती मला दाखवली तेव्हा सभा होऊन गेली होती. दुःखाला जात नाही, पत्रकाला भाषा असते.

वैराचं म्हणाल, तर मासे माझे पगार देतात.

@एलएकर, रस्ता शहराचा आहे, ते मी तपासलं. करार मागवते, हे सुचलंच नव्हतं.

---

निवृत्त_सान_अँतोनिओ

मुली, उशिरा वाचलं. मी सान अँतोनिओला ३१ वर्षं आहे. इंजिनिअर होतो. निवृत्तीनंतर एका व्यापारी संघटनेच्या समितीवर ६ वर्षं काढली, त्यातून जे उमगलं ते सांगतो.

आधी तुमच्या प्रश्नाबाहेरचं एक सांगू दे. तुमची लढाई पाइपांवरून आहे म्हणून आठवलं. इथल्या वेस्ट साइडला पन्नास वर्षांपूर्वी हेच रडगाणं होतं, फक्त उलट बाजूने: पाणी तुंबायचं आणि पाइप कुणी टाकतच नव्हतं. १९७४ मध्ये तिथल्या कॅथलिक पॅरिशांमधून (चर्चच्या वस्त्यांमधून) कॉप्स नावाची संघटना उभी राहिली, बहुतेक मेक्सिकन वंशाची साधी कुटुंबं. १९७५ मध्ये त्यांनी काय केलं? गावातल्या प्रतिष्ठित डिपार्टमेंट स्टोअरमध्ये, जॉस्कीजमध्ये, शेकडो लोक गेले आणि कपडे अंगावर घालून बघत बसले. काही विकत घेतलं नाही. मग फ्रॉस्ट बँकेत रांगा लावून डॉलरचे पेनी मागितले, पेनी परत देऊन डॉलर. गुन्हा काहीच नाही, पण कारभार ठप्प. १९७७ मध्ये शहराने कौन्सिलची निवडणूक प्रभागवार केली, आणि वेस्ट साइडला स्वतःचे नगरसेवक मिळाले. तुमचा नगरसेवक प्रभागातून निवडून येतो ना? मग कौन्सिलच्या आधी त्याच्याकडे जा. सभेतली तीन मिनिटं ही शेवटची पायरी.

आता चेंबर. हिस्पॅनिक चेंबर हे काही कालचं खूळ नाही. इथलं चेंबर १९२९ सालचं, तेव्हा नाव मेक्सिकन चेंबर ऑफ कॉमर्स. देशपातळीवरचं १९७९ चं. त्यांचा उपयोग आहे, पण कशासाठी ते कळायला हवं. चेंबर साधारणपणे करकायद्यातल्या ५०१(सी)(६) प्रकारात बसतं. त्याला कायद्यांसाठी मनसोक्त लॉबिंग करता येतं. मात्र वर्गणीतला जेवढा भाग लॉबिंगवर जातो तेवढा सभासदाला खर्च म्हणून वजा धरता येत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नकोच. कर्ज मिळवून देणाऱ्या, प्रशिक्षण देणाऱ्या ज्या ना-नफा संस्था आहेत त्या ५०१(सी)(३). त्यांचं लॉबिंग मर्यादेत, आणि उमेदवाराचा प्रचार तर अजिबात नाही. एका रस्त्याच्या ११ दुकानांसाठी चेंबर आपली सगळी ताकद लावणार नाही. त्यांच्या सभासदांत कदाचित पाइप टाकणारा ठेकेदारही असेल! पण त्यांच्याकडून एक पत्र मागा. पत्र देतात.

भरपाई हा शब्द तोंडातून काढू नका. शहराचा वकील लगेच टेक्सासच्या संविधानाचं तिसरं कलम, ५२ वा विभाग वाचून दाखवेल: सार्वजनिक पैसा खाजगी माणसाला दान देता येत नाही. संपलं. त्याच्याऐवजी ‘प्रकरण ३८०’ म्हणा. स्थानिक स्वराज्याच्या संहितेतलं हे प्रकरण शहराला आर्थिक विकासासाठी कर्ज आणि अनुदान देण्याचा कार्यक्रम काढू देतं, कारण त्यात सार्वजनिक हेतू असतो: धंदा टिकला तर विक्रीकर टिकतो, नोकऱ्या टिकतात. सान अँतोनिओने २०२३ मध्ये बांधकामाचा फटका बसलेल्या छोट्या धंद्यांना अनुदान दिलं होतं, तेव्हा अमेरिकन रेस्क्यू प्लॅनचा, म्हणजे कोविडनंतरच्या केंद्राच्या मदतीचा, पैसा हाताशी होता. तो पैसा २०२४ संपायच्या आत कुठल्या ना कुठल्या कामाला बांधून टाकायची मुदत होती, म्हणजे ती विहीर आटली. आता तुमच्या शहराला स्वतःच्या बजेटमधून काढावं लागेल. टेक्सासमधल्या बहुतेक शहरांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. ऑगस्टमध्ये बजेट चर्चेला येतं तेव्हा त्यात जे असेल ते आधीच ठरलेलं असतं. मागणी मे-जूनच्या आत पोचली पाहिजे.

आणि @आडमुठा यांच्या शंकेला धरून. मागणीत ‘हिस्पॅनिक’ लिहू नका. त्यांचं म्हणणं मला पटलं म्हणून नव्हे, न्यायालयांमुळे. २०२३ च्या जुलैमध्ये टेनेसीच्या फेडरल न्यायालयाने ८(ए) योजनेतली (वंचितांच्या छोट्या धंद्यांना सरकारी कंत्राटं देणारी केंद्राची योजना) ‘अमुक वंशाचा म्हणजे वंचित’ ही गृहीत धरण्याची पद्धत बंद केली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये इथे टेक्सासमध्येच मायनॉरिटी बिझनेस एजन्सीबद्दल (अल्पसंख्याकांच्या धंद्यांना मदत करणारं केंद्राचं खातं) तसाच निकाल लागला. ती एजन्सी १९६९ मध्ये निक्सनने सुरू केलेली. तेव्हा ‘कामाच्या हद्दीतली, २० पेक्षा कमी माणसं कामाला असलेली दुकानं’ असं लिहा. तुमची सगळी त्यात बसतात, सलूनवाल्या बाईही बसतात, आणि कोर्टात कुणी आव्हान देत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात टेक्सासच्या मतदारांनी नववा प्रस्ताव मंजूर केला तो आठवतोय ना? दुकानातल्या यंत्रसामग्रीवरची करमाफी २,५०० वरून १,२५,००० डॉलर झाली. त्यात स्पॅनिशचा एक शब्द नाही. पण तोर्तियाचं यंत्र, बेकरीची भट्टी, टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सगळं त्यात आलं.

शेवटचं. तुम्ही या दुकानांकडून पैसे घेता. बोलण्याचे वेगळे पैसे घेतलेत तर काही शहरांत लॉबिस्ट म्हणून नोंदणी करावी लागते. शहराच्या क्लार्ककडे एक फोन करा.

---

वाटेवरची

एक छोटी भर. टेक्सासच्या खुल्या सभांच्या कायद्यात २०१९ पासून अशी तरतूद आहे की दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. हेडफोनवरून बोलतानाच भाषांतर होत असेल तर मात्र नाही. म्हणजे बेकरीवाल्या काकूंना ३ ऐवजी ६ मिनिटं. मी ह्यूस्टनजवळच्या शाळेच्या बोर्डासमोर एकदा हे वापरलंय. टेबलामागच्यांना माहीत नव्हतं, नियम छापून न्यावा लागला. तुम्हीही छापून न्या.

सभेचं थेट प्रक्षेपण होतं आणि नाव-पत्ता नोंदतात. ज्यांना ते नको असेल त्यांना खुर्चीत बसायला सांगा. खुर्च्या भरलेल्या दिसतात तेवढं पुरतं.

---

जमाखर्च (सात आठवड्यांनी)

मंडळी, सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, कारण मध्ये १५ एप्रिल, आयकर भरायची शेवटची तारीख, होता. काय झालं ते सांगते.

सान अँतोनिओच्या काकांचं ऐकून फक्त दोन गोष्टी मागायच्या ठरवल्या. उखडलेले उतार ३० दिवसांत खडी टाकून तात्पुरते भरून द्या, आणि प्रकरण ३८० खाली छोट्या दुकानांसाठी अनुदानाचा विषय ऑगस्टच्या बजेटमध्ये घ्या. ठेकेदाराला हाकलायची मागणी सोडायला कार्निसेरियावाल्याला तीन दिवस लागले. शेवटी बेकरीवाल्या बाईंनी त्याला विचारलं, “याला हाकलला तर नवा येईपर्यंत खड्ड्यात काय लावणार आहेस, निवडुंग?”

करार मागवला, १० दिवसांत आला. ११२ पानं. उतार चालू ठेवायचं कलम त्यात होतं! म्हणजे पहिल्या मागणीसाठी कौन्सिलची गरजच नव्हती. नगरसेवकाच्या ऑफिसातल्या मुलीला ते पान दाखवलं. तिने फोन केला. ९ दिवसांनी खडी पडली. बेकरीपुढे ‘दुकानं चालू आहेत’ अशी पाटीही लागली, फक्त इंग्रजीत. बाईंनी तिच्या खाली पुठ्ठ्यावर मार्करने ‘अबिएर्तो’ (उघडं आहे) लिहून दोरीने बांधलं. पाटी शहराची, पुठ्ठा त्यांचा. अजून कुणी काढला नाही.

आता आकड्यांचं. शेड्यूल सी बाजूला ठेवलं. त्याऐवजी सगळ्यांचे विक्रीकराचे अर्ज काढले. टेक्सासच्या अर्जात पहिल्या ओळीत एकूण विक्री, दुसऱ्या ओळीत करपात्र विक्री. ताकेरियाचं ठीक, शिजवलेलं अन्न करपात्र, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि महिन्यागणिक घसरण डोळ्यांना दिसते. पण बेकरीच्या पावावर कर नाही. कोंचा, गोड पाव, सगळं करमुक्त. आणि माझ्या आधी जो कुणी अर्ज भरायचा त्याने पहिल्या ओळीतही करपात्रच आकडा लिहून ठेवलेला, म्हणजे कॉफी आणि सोडा फक्त. त्या कागदांवर विश्वास ठेवला तर बाई चाळीस वर्षं कॉफीचं दुकान चालवतात.

मग मी पिठाकडे वळले. पिठाची बिलं बाईंनी बुटांच्या खोक्यात ठेवलेली होती, सलग. ५० पौंडी पोती. रस्ता खणायच्या आधीच्या वर्षात महिन्याला सरासरी ३४. गेल्या वर्षी १९. पीठ कुणी कर चुकवायला जास्त विकत घेत नाही. टायरवाल्याकडे जुने टायर उचलून नेणाऱ्याच्या पावत्या होत्या, किती नग नेले त्याच्या. तीच गोष्ट. सलूनवाल्या बाईंकडे ॲसिटोनची बिलं. ११ पैकी ८ जणांचं असं काही ना काही निघालं. ते एका पानावर मांडलं, रेघा मारून, रंग न भरता.

सभेला बाईच बोलल्या. नियम छापून नेला होता (@वाटेवरची, देव तुमचं भलं करो, टेबलामागे थोडी कुजबुज झाली, मग ६ मिनिटं दिली). बाईंनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, मी पहाटे ३ ला उठते, पूर्वी ३४ पोती मळायची, आता १९ मळते, उरलेल्या १५ पोत्यांच्या वेळात मी खिडकीतून तुमचं यंत्र बघत बसते, ते पण बहुतेक वेळा उभंच असतं. तिथे लोक हसले. दुभाषी शहराचा होता, त्याने ‘उभंच’ ला काहीतरी सौम्य शब्द वापरला, तेव्हा मागच्या रांगेतून कार्निसेरियावाल्याने ओरडून दुरुस्त केलं. त्यावर त्याला गप्प बसायची सूचना मिळाली.

माझं काम? पानाच्या १५ प्रती वाटणं, आणि कोंचांचा डबा बाहेरच ठेवायला लावणं. बाईंनी प्रत्येक नगरसेवकासाठी एक आणला होता. भेटवस्तूंचे नियम त्यांना सांगितल्यावर म्हणाल्या, पावाला भेट म्हणतात होय. रखवालदाराने दोन खाल्ले.

निकाल असा की अनुदानाचा विषय आर्थिक विकासाच्या कर्मचाऱ्यांकडे अभ्यासाला गेलाय, ऑगस्टच्या बैठकीत परत यायचा आहे. ‘अभ्यासाला’ म्हणजे काय ते काकांना विचारायला नको. चेंबरने पत्र दिलं, वर्गणी न मागता. जानेवारीत बंद झालेल्या ताकेरियाला यातलं काहीच मिळणार नाही. मी अर्जाचा मसुदा पाहिला, त्यात ‘सध्या चालू असलेला व्यवसाय’ अशी अट आहे. ही ओळ बदलून घ्यायला परवा परत जाते आहे. टायरवाला बरोबर येतो म्हणालाय. म्हणाला, या वेळी उशिरा आलेल्याचं बघू.

आता अडलंय ते झग्यांच्या दुकानापाशी. तिथे आई-बाप वर्षभर आधी २०० डॉलर ठेव देतात, मग दर महिन्याला थोडे, आणि झगा नेतात तेव्हा बाकीचे. रस्ता खणल्यापासून नव्या ठेवी निम्म्यावर आल्या, पण जुन्या झग्यांचे हप्ते येत राहिले, त्यामुळे विक्रीच्या आकड्यात पहिलं वर्ष घसरण दिसतच नाही. ठेवींची वही वेगळी जोडावी, की झग्याच्या तारखेवर सगळी विक्री मांडावी? कुणी असं मांडलंय का?